चिपर फांदी आत का ओढत नाही? दोष बहुतेक वेळा धारेत

द्राक्षबागेची छाटणी झाली की बांधावर काड्यांचा ढीग लागतो. डाळिंब, आंबा, पेरूच्या बागांतही तेच. हा पाला-काड्या पेटवण्याऐवजी ट्रॅक्टरवरच्या चिपरमधून काढून बागेतच आच्छादन करणारे शेतकरी आता बरेच आहेत. पण भाड्याचा चिपर तासावर चालू, डिझेल जळतेय, मजूर उभे आणि फांदी तोंडातच थरथरत बसलेली, हा अनुभवही तितकाच नेहमीचा.

ओढतो कोण?

कडबा कुट्टीत वैरण पुढे सरकवायला रोलर असतात. मोठ्या चिपरलाही ते असतात, पण लहान यंत्रांत अनेकदा नसतात. तिथे फिरत्या तबकडीवरची पातीच फांदी ओढतात. तोंड तिरके असल्याने पाते लाकडात घुसते आणि कापता कापता फांदीला आत खेचते. एका कापात फांदी साधारण पाते तबकडीच्या वर जितके आले आहे तितकीच सरकते. समजा दोन पाती आहेत, ती 6 मिलिमीटर वर आहेत आणि तबकडी मिनिटाला 1000 फेरे घेते. मग मिनिटाला जास्तीत जास्त 12 मीटर फांदी आत जाईल. हात कितीही लावले तरी त्याहून जास्त नाही.

धार आहे, तरी अडते

इथेच गफलत होते. हातग्राइंडर फिरवून धार लावली की पाते बोटाला तीक्ष्ण लागते, पण धारेमागचा उतार गोलसर झालेला असतो. काप घेतल्यावर हा फुगवटा लाकडाला घासतो आणि फांदीला बाहेर ढकलतो. फांदी उड्या मारते, म्हणून माणूस आणखी जोर लावतो. उपाय एकच. मूळ कोनातच, सपाट धार लावायची. पाते निळे पडेपर्यंत घासले तर त्याचे पाणी उतरते आणि धार दोन दिवसही टिकत नाही. सगळी पाती सारखीच घासावीत, नाहीतर तबकडीचा तोल जाऊन यंत्र हादरते.

धार लावल्यावर पाते थोडे मागे जाते, त्यामुळे खालच्या स्थिर पात्याशी असलेले अंतर वाढते. ते यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे पुन्हा बसवावे लागते. अंतर जास्त राहिले तर ओली काडी कापली न जाता वाकून आत अडकते. बाहेर पडणारा मालही बरेच सांगतो. स्वच्छ तुकडे पडत असतील तर ठीक. भुगा आणि लांब धागे दिसले की धार किंवा अंतर बघा.

पाती ठीक असतील तर बाकीचे पटकन तपासून होते. पीटीओ 540 फेऱ्यांवर आहे का, पट्टा सैल आहे का, बाहेर फेकणारी नळी ओल्या पाल्याने चोंदली आहे का. रोलर असतील तर त्यांच्या दातांत अडकलेली साल काढावी आणि स्प्रिंगचा ताण पाहावा.

फांदी कशी द्यावी?

बुंध्याकडून, जाड टोक आधी. शेंडा आधी घातला तर उपफांद्या तोंडाला आडव्या बसतात. बेचक्याची फांदी आधी कोयत्याने मोकळी करावी. द्राक्षाच्या काड्यांत तारेचा तुकडा राहिला असेल, तर एका क्षणात धारेला खाच पडते. तेलकट डाग रोग असलेल्या डाळिंबाच्या फांद्या मात्र चिपरमध्ये घालून बागेत पसरू नयेत. त्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात.

अडकलेली काडी हाताने किंवा पायाने रेटणे जिवावर बेतते. शेवटचा तुकडा ढकलायचा तर लांब लाकडी काठी घ्यावी. गळ्यातला गमछा आणि सैल बाह्या तोंडाजवळ नकोतच. झाकण उघडण्याआधी ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात ठेवावी. जड तबकडी इंजिन थांबल्यावरही बराच वेळ फिरत राहते.