ठिपके गेले, पण रोग गेला का? खाऱ्या पाण्यातल्या माशांचे परजीवी आणि त्यांच्यावरचे उपाय

आजचा विषय जरा वेगळा वाटेल. पुण्यात समुद्र नाही. मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. तरीही पुण्यातल्या कितीतरी दिवाणखान्यांत आज खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत. मुंबईच्या माणसाला समुद्र समोर दिसतो, आपल्याला तो पिशवीतल्या मिठातून तयार करावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला सात किलो मीठ लागतं. तेही स्वयंपाकघरातलं नव्हे, कॅल्शियम, मॅग्नेशियमसकट सगळे क्षार असलेलं खास मीठ. खडकवासल्याहून नळाला येणारं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय चालत नाही. एवढी सगळी खटपट करून आणलेला मासा आठ दिवसांत मरतो, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण परजीवी असतात.

हा मासा कुठून येतो, तेही लक्षात घेऊ या. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, एंजल यांची पैदास टाक्यांतच होते. खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचं तसं नाही. क्लाऊन फिशची पैदास आता होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंही ती करून दाखवली आहे. पण बाकीच्या बहुतेक जाती अजून प्रवाळांतूनच पकडून आणल्या जातात. म्हणजे टाकीतला टँग मेला, की त्याच्या जागी समुद्रातून दुसरा येतो. चुकीच्या उपचाराची किंमत आपल्या खिशापुरती राहत नाही ती अशी.

पांढरा ठिपका म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त दिसणारा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, ज्याला दुकानात ‘मरीन इच’ म्हणतात. याचा परजीवी आहे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. ब्राऊन या संशोधिकेनं लंडनच्या मत्स्यालयातल्या माशांवरून 1951 मध्ये त्याला हे नाव दिलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. समुद्रात मोकळ्या फिरणाऱ्या माशाला हा परजीवी क्वचितच एवढा छळतो, कारण तिथे पाणी अथांग असतं. टाकीत मात्र परजीवीच्या पिल्लांना यजमान शोधायला लांब जावंच लागत नाही.

याचं जीवनचक्र समजलं की उपचाराचं निम्मं काम होतं. चार अवस्था आहेत. पहिली माशाच्या अंगावरची: परजीवी कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस खातो, वाढतो. आपल्याला दिसणारा, मिठाच्या कणाएवढा ठिपका तो हाच. दुसरी, तो मासा सोडतो आणि काही तास तळाशी सरपटतो. तिसरी, वाळूला, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभाजन सुरू होतं. चौथी, कवच फुटून त्यातून दोनशेपर्यंत पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

आता बघा काय होतं. सोमवारी माशावर ठिपके दिसतात. घाबरून कोणी लसूण खाऊ घालतं, कोणी दुकानातली बाटली आणून ओततं. शुक्रवारी ठिपके गायब! मग आपण म्हणतो, औषध लागू पडलं. प्रत्यक्षात काही न करताही ठिपके गेलेच असते, कारण परजीवी पोट भरून खाली उतरला. तो आता वाळूत आहे, एकाचे दोनशे करतो आहे. पुढच्या खेपेला ठिपके जास्त असतात, आणि या वेळी ते कल्ल्यांतही असतात.

आपल्या लोकांना हे हिवतापावरून पटकन कळतं. ताप उतरला म्हणजे हिवताप गेला असं नसतं. ताप चक्रानं येतो, औषध एका अवस्थेवर चालतं, दुसऱ्या अवस्थेतला जंतू यकृतात दडून राहू शकतो. इथेही तसंच. कवचातल्या परजीवीवर पाण्यातलं औषध चालत नाही आणि कातडीखालच्यावरही फारसं नाही. औषध लागतं ते पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ती पिल्लं बाहेर पडत राहतील तेवढे सगळे दिवस औषध पाण्यात असावं लागतं. तीन-चार आठवड्यांचा उपचार असतो तो यासाठी.

सगळे ठिपके एकाच रोगाचे नसतात

निदानाकडे येऊ. चार-पाच रोग वेगळे ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

पहिला आत्ताच सांगितला: सुटे, मोजता येतील असे उठावदार कण.

दुसरा ‘मरीन व्हेलवेट’, परजीवी ॲमिलूडिनियम ओसेलॅटम. यात ठिपके दिसत नाहीत. माशावर बारीक पीठ भुरभुरल्यासारखं वाटतं, तेही तिरक्या उजेडात, टॉर्च एका बाजूनं धरला तरच. पण हा आधी कल्ल्यांवर जातो. त्यामुळे मासा पाण्याच्या झोतासमोर उभा राहून भराभर श्वास घेतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो. पीठ दिसायच्या आतच दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. ‘अंगावर काहीच नव्हतं आणि मेला’ असं कोणी सांगितलं की पहिला संशय याचाच घ्यावा.

तिसरा ब्रुकलिनेला. क्लाऊन फिशवर जास्त येतो. अंगावरून पांढरट बुळबुळीत पापुद्रे सुटतात, मासा कात टाकतोय असं वाटतं. हा कवच करत नाही, माशाच्या अंगावरच एकाचे दोन होत जातो, म्हणून फार वेगानं पसरतो.

चौथा युरोनेमा. क्रोमिससारख्या माशांच्या कुशीवर लाल जखम दिसते, खरचटल्यासारखी. हा परजीवी आत स्नायूंपर्यंत पोचतो, म्हणून बाहेरच्या औषधाला दाद देत नाही.

पाचवा कल्ल्यांवरचे आणि अंगावरचे चपटे कृमी, म्हणजे फ्लूक. मासा दगडावर अंग घासतो, डोळे धुरकट होतात. हे कृमी पारदर्शक असतात, त्यामुळे साध्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आणि एक रोग परजीवीचा नाहीच: लिम्फोसिस्टिस. परांच्या कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे गोळे येतात. हा विषाणू आहे. बहुतेक वेळा चांगलं खाणं-पाणी मिळालं की आपोआप ओसरतो. याच्यावर तांब्याचं औषध ओतणं म्हणजे बरा होणारा मासा मारणं.

खात्री हवी असेल तर सूक्ष्मदर्शक. पुण्यात प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं कमी नाहीत, आणि या कामाला शंभर पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. काचपट्टीनं माशाच्या कुशीवरचा बुळबुळीत थर हलक्या हातानं, डोक्याकडून शेपटीकडे घ्यायचा, आणि त्यावर टाकीतलंच पाणी घालायचं. नळाचं घातलं तर जंतू फुगून फुटतात आणि काही दिसत नाही. नमुना लगेच बघायचा. मासा मेला असेल तर अर्ध्या तासाच्या आतला कल्ला उपयोगाचा, कारण यजमान मेला की परजीवी तिथे थांबत नाहीत.

उपचार: आधी मासा बाहेर

पहिला नियम, मुख्य टाकीत औषध नाही. तांबं प्रवाळ, शिंपले, कोळंबी यांना मारतं. शिवाय प्रवाळांचे दगड आणि चुनखडीची वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात किती उरलं याचा हिशोबच राहत नाही. म्हणून वेगळी उघडी टाकी, वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर आणि अमोनिया तपासायचं किट.

तांब्याचं प्रमाण आहे दर लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. आता हिशोब करू. 100 लिटरला 20 मिलिग्रॅम तांबं. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा असतं, म्हणजे मोरचूद लागलं 80 मिलिग्रॅम. एक चिमूट मोरचूद यापेक्षा कितीतरी जास्त भरतं. बागेच्या फवारणीसाठी आणलेलं मोरचूद ‘चिमूटभर’ टाकणाऱ्याचे मासे रोगानं मरत नाहीत, विषानं मरतात. माशांसाठी बनवलेलं द्रावण घ्या, दोन-तीन दिवसांत हळूहळू प्रमाणावर आणा आणि रोज किटनं मोजा. 0.15 च्या खाली गेलं तर पिल्लं वाचतात, वर गेलं तर मासा दगावतो. पाकट आणि शार्क जातीच्या माशांना तांबं देऊच नये.

दुसरं औषध क्लोरोक्विन, दर लिटरला 10 मिलिग्रॅम. व्हेलवेटवर ते चांगलं चालतं. तांबं आणि क्लोरोक्विन एकत्र वापरू नयेत. आणि एक सूचना घरातल्या सगळ्यांसाठी: मार्च 2020 मध्ये अमेरिकेत ॲरिझोना राज्यात कोविडच्या भीतीनं माशांच्या टाकीतलं क्लोरोक्विन घेऊन एक गृहस्थ दगावले. ही औषधं नाव लिहून, कुलपात ठेवा.

औषध नको असेल त्यांच्यासाठी, फक्त पांढऱ्या ठिपक्यांवर, टाकी बदलण्याची पद्धत आहे. कवचातून पिल्लं बाहेर यायला निदान तीन दिवस लागतात. म्हणून दर तीन दिवसांनी मासा दुसऱ्या, स्वच्छ वाळवलेल्या टाकीत हलवायचा. असं चार वेळा केलं की अंगावरचे सगळे उतरतात आणि त्यांची कवचं मागे राहतात. दोन टब आणि मीठ, एवढाच खर्च.

पाण्यातला खारटपणा लिटरला 15 ग्रॅमच्या खाली आणून तीन-चार आठवडे ठेवणं हाही ठिपक्यांवरचा एक उपाय आहे, पण त्याला दाद न देणारे वाणही आढळले आहेत. व्हेलवेटवर तर तो निरुपयोगी आहे. तो परजीवी जवळजवळ गोड्या पाण्यातही तग धरतो.

फ्लूकसाठी क्लोरीन काढलेल्या, तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटांची अंघोळ. काळ्या बादलीत केली तर पांढरे पडलेले कृमी तळाशी दिसतात; उपचार होतो आणि निदानही. त्यानंतर प्राझिक्वांटेल. अंडी त्याला दाद देत नाहीत, म्हणून आठवड्याभरानं पुन्हा. ब्रुकलिनेलाला फॉर्मेलिनची अंघोळ लागते. ती जाणकाराच्या देखरेखीखाली आणि उघड्या हवेत करावी, कारण फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे.

आणि मुख्य टाकीचं काय? ती मासे न ठेवता चालू ठेवायची. प्रवाळ, खेकडे राहू देत, हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. कवचातून पिल्लं बाहेर यायला प्रयोगात 72 दिवसांपर्यंत लागलेले आढळले आहेत, म्हणून काटेकोर मंडळी 76 दिवस थांबतात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*हीटर वाढवला तर ठिपके जातात ना?* गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांचा जंतू वेगळा, तिथे उष्णतेचा काही उपयोग होतो. इथे चक्र फक्त जोरात फिरतं. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये टाकी तशीही तापलेली असते.

*लसणाचं काय?* मासा खायला लागला तर चांगलंच. पण लसणानं हा रोग बरा होतो असं धरून दिवस घालवू नका.

*एवढं सगळं टाळता येईल का?* येईल. नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडू नका. चार ते सहा आठवडे वेगळा ठेवा, रोज खाणं आणि श्वास बघा. विलगीकरण हा शब्द 2020 नंतर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. साठ लिटरची एक साधी टाकी कोपऱ्यात कायम तयार ठेवली, तर आज सांगितलेल्यातलं बरंचसं तुम्हाला कधी वापरावंच लागणार नाही.