शिक्षक दिन : रूढ समज आणि वस्तुस्थिती

कृतज्ञता ही मनोवृत्ती मनुष्याइतकीच प्राचीन असली, तरी तिच्या प्रकटीकरणासाठी राष्ट्राने मुक्रर केलेला दिवस मात्र विवक्षित काळी, विवक्षित माणसांच्या तजविजीने जन्माला येतो. आणि त्या जन्माची हकीकत विस्मृतीत गेली, की तिच्या जागी सोयीस्कर आख्यायिका येऊन बसतात. पाच सप्टेंबरच्या शिक्षक दिनाचे असेच झाले आहे. विद्यादानाला राजाश्रय देण्याचे आणि त्या राजाश्रयावर कडाक्याचे वाद घालण्याचे प्रयोग ज्या पुणे शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, तेथे तरी हे रूढ समज तपासून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : शिक्षक दिन ही गुरुपौर्णिमेचीच सरकारी आवृत्ती होय.

वस्तुस्थिती : आषाढी पौर्णिमा ही व्यासपूजेची तिथी. तीत शिष्य आपल्या स्वतःच्या गुरूला वंदन करतो. मग तो गुरू अध्यात्माचा असो, गायनाचा असो वा तालमीतला वस्ताद असो. शिक्षक दिन १९६२ पासूनचा, आणि त्याचा विषय वेगळा : पगार घेऊन, हजेरीपट सांभाळून, ज्यांची निवड त्याने केलेली नसते अशा पन्नास मुलांना शिकवणारा शाळेतला मनुष्य. एकात व्यक्तिगत निष्ठा आहे, दुसऱ्यात एका व्यवसायाविषयीचा सार्वजनिक आदर आहे.

गैरसमज २ : राष्ट्रपतींचा वाढदिवस म्हणून ही तारीख ठरली.

वस्तुस्थिती : डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन (जन्म ५ सप्टेंबर १८८८) मे १९६२ मध्ये राष्ट्रपती झाले, हे खरे. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची ओळख अध्यापकाची होती. १९०९ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आरंभ करून ते म्हैसूर, कलकत्ता व ऑक्सफर्ड येथे तत्त्वज्ञान शिकवीत राहिले. १९२१ मध्ये त्यांनी म्हैसूर सोडले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची फुलांनी शृंगारलेली गाडी स्वतः ओढत स्टेशनापर्यंत नेली. चाहत्यांनी वाढदिवस साजरा करण्याची परवानगी मागितली असता, तो आपल्या नावाने न करता समस्त शिक्षकांच्या नावाने करावा, अशी इच्छा त्यांनी प्रकट केली, आणि व्यक्तीला अर्पण व्हावयाचा मान व्यवसायाच्या पदरी पडला.

गैरसमज ३ : हा दिवस साऱ्या जगाचा आहे, आणि त्या दिवशी सुटी असते.

वस्तुस्थिती : जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला येतो. १९६६ साली त्या तारखेस युनेस्को व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस संमत केली, आणि १९९४ पासून तिच्या स्मरणार्थ तो पाळला जाऊ लागला. चीन १० सप्टेंबर, तर अर्जेंटिना ११ सप्टेंबर पाळतो. सुटीचे म्हणाल, तर आपल्याकडे ५ सप्टेंबर ही सार्वजनिक सुटी नाही. उलट अनेक शाळांतून वरच्या वर्गातील मुले त्या दिवशी शिक्षक होऊन धाकट्यांचे तास घेतात.

गैरसमज ४ : १९६२ पूर्वी शिक्षकाचा शासकीय सन्मान होत नसे.

वस्तुस्थिती : शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९५८ सालीच सुरू झाले होते. पुण्याचे दप्तर तर याहून फार मागे जाते. तळेगावच्या दाभाड्यांनी चालविलेला, श्रावणमासात विद्वानांना दक्षिणा देण्याचा परिपाठ पुढे पेशव्यांनी पुण्यास आणला. विद्वत्तेचा हा गौरव खराच; परंतु तो ब्राह्मणवर्गापुरता मर्यादित होता. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने हा खर्च एकदम बंद न करता त्याला निराळे वळण दिले, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. १८४९ साली, दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्चावा, असा अर्ज सुधारकांनी सरकारदरबारी केला, तेव्हा शहरात मोठा गहजब झाला. त्या प्रसंगी जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. मुलींसाठी शाळा काढून आणि सावित्रीबाईंना शिक्षिका करून ज्यांनी कर्मठांचा रोष ओढवून घेतला होता, त्याच जोतीरावांच्या शाळांना पुढे या दक्षिणा फंडातून साह्य मिळाले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी त्याच विश्रामबागवाड्यात इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते, सरकारच्या वतीने, शालजोडी देऊन त्यांचा जाहीर सत्कार झाला. शिक्षक दिनाच्या ११० वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

या हकीकती एकत्र ठेवल्या, म्हणजे दिसते ते असे, की विद्यादात्याचा सत्कार आपल्या समाजाला कधीच अपरिचित नव्हता. बदलत गेली ती त्याची पात्रता. दक्षिणेने जन्म पाहिला, १८५२ च्या शालजोडीने कार्य पाहिले, आणि १९६२ च्या दिवसाने नामवंत व अनामिक यांतला भेद मिटवून संपूर्ण व्यवसाय पाहिला. १९६६ च्या शिफारशीने तर आदरासोबत नेमणूक, प्रशिक्षण, वेतन आणि नोकरीची शाश्वती यांचाही विचार केला. म्हणून शिक्षक दिनाचा खरा हिशेब पुष्पगुच्छांत न करता शिक्षकाच्या नेमणुकीत आणि वेळेवर मिळणाऱ्या पगारात करावयास हवा. दक्षिणेच्या पैशाचा विनियोग कोणासाठी व्हावा, यावर भांडलेल्या या शहराला तो हिशेब मागण्याचा अधिकार इतरांहून अधिक आहे.