सीमा ओलांडली की सिनेमा गायब का होतो?

जिओ-ब्लॉकिंग : आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) प्रेक्षकाचा देश ओळखून कार्यक्रम दाखवणे वा रोखणे.

मूळ कारण : प्रक्षेपणाचे हक्क प्रदेशनिहाय विकले जातात. खानदेशाला ही पद्धत जुनीच. चित्रपट व्यवसायाने देशाची ‘सर्किटं’ पाडली, जळगाव ‘सी. पी. बेरार’ (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटात, मुंबई वेगळ्या सर्किटात. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरक-प्रदर्शकांची संघटना तर भुसावळची. ज्या हद्दीचे हक्क घेतले, रिळांची पेटी तिथल्याच टॉकीजमध्ये फिरायची. आता ती हद्द सर्व्हर पाळतो.

उदाहरण : आयपीएल भारतात जिओहॉटस्टारवर, अमेरिकेत विलोवर. याउलट ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये जगभर दाखवला.

व्हीपीएन : जोडणी दुसऱ्या देशातील सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा. ॲपला त्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो.

व्हीपीएन ओळखतात कसे : एकाच पत्त्यावरून असंख्य खाती, आणि तो पत्ता घरगुती जोडणीचा नसून डेटा सेंटरचा. असे पत्ते काळ्या यादीत जातात.

रोखणे कधीपासून : नेटफ्लिक्स ६ जानेवारी २०१६ रोजी भारतात आले. त्याच महिन्यात त्यांनी व्हीपीएन रोखण्याची घोषणा केली.

कायदा : भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. मात्र ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपायची आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हलवले.

निघण्यापूर्वी : जळगाव-धुळ्याहून परदेशातील मुलांकडे जाताना, आपले ॲप त्या देशात चालते का, हे त्याच्या मदत विभागात आधी तपासावे.