बिनतारी ठावठिकाणा

१९४२ सालीं उषाबेन मेहता व त्यांचे सहकारी मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते, तेव्हां सरकारी शोधयंत्रांना पत्ता लागूं नये म्हणून त्यांना आपला प्रक्षेपक एका घरांतून दुसऱ्या घरीं हलवावा लागे. आणि १२ नोव्हेंबरला तो अखेर सांपडलाच. आजचा विषय नेमका याच्या उलट आहे. अंधेरी-बोरिवलीकडील परवानाधारक हौशी बिनतारीवाला, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘हॅम’ म्हणतात तो, आपला पत्ता आकाशांत स्वतःच पुकारूं शकतो. तें कसें, हें पाहूं.

या पद्धतीला ‘एपीआरएस’ म्हणतात. अमेरिकेच्या नौदल विद्यालयांतील बॉब ब्रुनिंगा हे तिचे जनक. मोटारींतील लहानसें यंत्र उपग्रहांच्या साहाय्यानें आपले अक्षांश-रेखांश ठरवितें. हे आंकडे, स्थानकाचें संकेतनाम व चार शब्दांचा मजकूर यांचें एक पुडकें बांधलें जातें. तें जातें मात्र सुरांच्या रूपानें: एक सूर सेकंदाला १२०० कंपनांचा, दुसरा २२०० कंपनांचा. त्यांच्या अदलाबदलींतून सेकंदाला १२०० खुणा पाठवितां येतात. कानाला तो नुसता चरचराट वाटतो व सुमारें एका सेकंदांत संपतो. शेवटीं पडताळ्याची एक संख्या असते. ती जुळली नाहीं तर ऐकणारें यंत्र तें पुडकें टाकून देतें. ठिकाण कळविणाऱ्या पुडक्याची पोंच देण्याची चाल नाहीं. गस्तवाला कोणा एकाला उद्देशून ओरडत नाहीं, तसेंच हें.

स्थान अंश, कला व कलेचा शंभरावा भाग इतकें बारीक सांगतात. हा शंभरावा भाग म्हणजे सुमारें १८ मीटर; तेव्हां गाडी अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेस आहे कीं पश्चिमेस, एवढें निश्चित कळतें.

श्रोतेहो, खरी अडचण डोंगराची. या कामाची दोन मीटरची लहर जवळजवळ सरळ रेषेंत धांवते, आणि बोरिवली व मुलुंड यांच्यामध्यें राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. त्यांचा माथा साडेचारशे मीटरांहून उंच. म्हणून उंचावर एक पुनःक्षेपक ठेवावा लागतो. तो ऐकलेलें पुडकें पुन्हां उच्चारतो. किती वेळां उच्चारावें याचा आंकडा पुडक्यावरच असतो व दर खेपेस एकानें घटतो. नाहींतर एकच निरोप गांवभर फिरत राहिला असता. सर्वांची लहर एकच असल्यामुळें बोलण्यापूर्वीं कानोसा घ्यावयाचा, हा नियम. परंतु डोंगराआडच्या दोघांना परस्परांचा आवाज येतच नाहीं. दोघांनाही शांतता वाटते, दोघेही एकदम बोलतात, आणि माथ्यावर दोन्ही पुडकीं नासतात. मिनिटांत फार तर साठेक पुडकीं मावावयाचीं! घरच्या स्थानकानें अर्ध्या तासानें व धांवत्या गाडीनें मिनिटा-दोन मिनिटांनीं बोलावें हें बरें. दर दहा सेकंदांनीं पुकारणें हा कांहीं शेजारधर्म नव्हे.

२६ जुलै २००५ चा दिवस आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या थांबल्या, ठिकठिकाणीं दूरध्वनि मुके झाले. अशा वेळीं मदतीच्या गाड्यांवर हीं यंत्रें असलीं तर कोणती गाडी कोठें अडकली हें घाटकोपरच्या नकाशावर कोणी न बोलतां दिसेल, आणि बोलण्याची लहर जखमींच्या निरोपांसाठीं मोकळी राहील. अर्थात् डोंगरावरच्या पुनःक्षेपकाला स्वतःची बॅटरी नसेल तर सारेंच व्यर्थ.

यांत गुप्तता मुळींच नाहीं. हौशी संदेश सांकेतिक करण्यास मनाई आहे, आणि एखादें स्थानक तो इंटरनेटवर चढवितें तेव्हां तो जगभर दिसतो. आपलें घर कळूं नये असें वाटणाऱ्यानें दारांत पोंचण्यापूर्वींच यंत्र बंद करावें.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही १४५·८२५ मेगाहर्ट्झवर असा पुनःक्षेपक आहे. तो चालू असतां स्थानक डोक्यावरून जातें त्या दहाएक मिनिटांत बोरिवलीच्या गच्चीवरून सोडलेलें पुडकें दिल्लीस वा कोलंबोसही ऐकूं येऊं शकतें. मधला डोंगर तेव्हां आड येत नाहीं.