रिमास्टरच्या आधीचा आवाज

गेल्या महिन्यात एका स्ट्रीमिंग सेवेवर माझ्या यादीतला सत्तरच्या दशकातला एक अल्बम बदलला. मुखपृष्ठ तेच, गाण्यांचा क्रम तोच, खाली छापलेलं वर्षही मूळचंच. आत मात्र नवं रिमास्टर, म्हणजे जुन्या मुद्रणावर नव्याने केलेलं आवाजाचं शेवटचं संस्करण. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला कोणी विचारलं नाही, कळवलंही नाही. ड्रम अंगावर आले, गिटारभोवतीची मोकळी जागा गेली, आणि हळू उलगडत जाणारं गाणं पहिल्या ओळीपासूनच वरच्या पट्टीत ओरडू लागलं. तक्रार केली तर उत्तर आलं, की अल्बम आता सुधारित स्वरूपात उपलब्ध आहे. अशा सुधारणा मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. त्यांचा हिशेब एकदा मांडायलाच हवा.

माझ्या पिढीला हे संगीत प्रथम कॅसेटवर भेटलं. त्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. कॅसेटचा आवाज मुळातच दबलेला, आणि एकीवरून दुसरी भरून घेतली की उरलासुरला तपशीलही जायचा. गाणी पाठ झाली, एवढं त्या काळाचं देणं. एखादा अल्बम चांगला वाजतो की वाईट, हा प्रश्न तेव्हा पडणं शक्यच नव्हतं. तो पडला संगणकामुळे. मला लिहायचं आहे ते त्या दशकाबद्दल, साधारण १९९९ ते २००९.

सुरुवात अर्थातच विनॲम्पने. जस्टिन फ्रँकेल या विशीही न गाठलेल्या अमेरिकन मुलाने १९९७ मध्ये तो प्लेअर बाहेर काढला आणि दोन वर्षांत एओएलने त्याची कंपनी विकत घेतली. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या प्रत्येक संगणकावर तो असायचाच. सोबत एमपीथ्रीच्या सीडी. एका सीडीवर दीडशे गाणी आणि बहुतेक सगळी सेकंदाला १२८ किलोबिटची. मूळ ऑडिओ सीडीत सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते, म्हणजे अकरातले दहा भाग काढून टाकलेले. कानाला जे जाणवणार नाही तेच काढायचं, हे त्यामागचं शास्त्र खरं आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी ते मेहनतीने उभं केलं. पण घाईत, कच्च्या एन्कोडरवर बनवलेल्या त्या फायलींत सिंबलचे ठोके चरचरत विरून जायचे. त्यात इक्वलायझरवर ‘रॉक’ नावाचं तयार सेटिंग लावून ठेवायची साथच आली होती. खर्ज वर, टिपेचे सूर वर, मधला भाग खाली. गायकाचा गळा आणि गिटारचा गाभा त्या मधल्या भागातच असतो, हे सांगून मी थकले होते.

डिसेंबर २००२ मध्ये फूबार२००० आला. विनॲम्पच्याच कंपनीसाठी पूर्वी काम केलेल्या पीटर पावलोव्स्की या प्रोग्रामरने तो लिहिला आणि मोफत दिला. दिसायला अगदी कोरा: राखाडी खिडकी, गाण्यांची यादी, बस्स. पण त्याने पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आतली यंत्रणा उघडून दाखवली. विंडोज एक्सपीमध्ये प्लेअरमधून निघालेला आवाज आधी विंडोजच्या मिक्सरमधून जायचा. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्या काळातली बरीच लोकप्रिय साउंड कार्डं आणि मदरबोर्डवरच्या चिप आतून ४८,००० वर चालायच्या. म्हणजे वाटेत कुठेतरी आवाजाचं रूपांतर व्हायचं आणि बऱ्याचदा ते हलक्या दर्जाचं असायचं. फूबारमध्ये कर्नल स्ट्रीमिंग किंवा एएसआयओ लावलं की तो मिक्सर टाळता यायचा आणि कार्ड चांगलं असेल तर फायलीतले आकडे जसेच्या तसे बाहेर पडायचे. विंडोज व्हिस्टापासून हेच काम वासापी ही विंडोजचीच सोय करू लागली.

इथे एक जुना वाद मिटवून टाकते. अमुक प्लेअरचा आवाज ऊबदार, तमुक प्लेअरचा कोरडा, असं छातीठोक सांगणारे तेव्हा घरोघरी भेटायचे. फूबारला एबीएक्स नावाचा एक जोडभाग मिळतो. तो एकाच गाण्याच्या दोन फायली घेतो आणि आत्ता वाजतेय ती कोणती, हे नाव लपवून पुन्हा पुन्हा विचारतो. ज्यांचा दावा सगळ्यांत मोठा, ते या चाचणीला बसायला कधीच तयार झाले नाहीत. आकडे जसेच्या तसे बाहेर पडत असतील तर प्लेअर-प्लेअरमध्ये आवाजाचा फरक नसतो. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. फरक असतो फायलीत, आणि फायलीच्या आधी सीडीत.

फाइल चांगली बनवण्याचं काम आन्द्रे वीथॉफ या जर्मन प्रोग्रामरच्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने केलं. तो सीडीवरचा प्रत्येक भाग दोनदा वाचायचा. दोन वाचनं जुळली नाहीत तर पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ओरखडे पडलेल्या तबकडीला तासन् तास लागायचे, ड्राइव्ह रात्रभर कुरकुरत राहायचा. शेवटी अचूकतेच्या आकड्याची ॲक्युरेटरिप या सामायिक नोंदींशी पडताळणी व्हायची, म्हणजे जगात दुसऱ्या कोणी तीच तबकडी संगणकावर उतरवली असेल तर त्याच्या निकालाशी. आकडे जुळले की आपल्या फायलीत एकही बिट चुकलेला नाही, याची खात्री पटायची. मग ते सगळं फ्लॅक या प्रकारच्या फायलींमध्ये. जोश कोल्सनने २००१ मध्ये फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती दिली. फाइल साधारण निम्म्या आकाराची होते आणि तरी काहीही हरवत नाही. हार्ड डिस्क महाग होत्या, म्हणून एकेक अल्बम निवडून भरावा लागायचा. त्या निवडीतूनच खरा प्रश्न समोर आला: कोणती सीडी भरायची?

एकाच अल्बमच्या दोन सीडी, एक १९८५ ची आणि एक नवी ‘डिजिटली रिमास्टर्ड’, शेजारी ठेवून वाजवल्या की फरक पहिल्या मिनिटात कळायचा. सीडीला आवाजाची एक कमाल मर्यादा असते, तिच्या वर आकडा जाऊच शकत नाही. जुन्या मास्टरिंगमध्ये गाण्याचा सर्वांत जोरकस ठोका तेवढा त्या छताजवळ जायचा, बाकी सगळं आपापल्या उंचीवर. नव्वदच्या दशकात कंपन्यांना आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं. मग हळू भाग वर उचलायचे आणि छताला लागतील ती टोकं छाटायची. उंच-बुटकी सगळी माणसं डोकं छताला टेकेल अशी उभी करावीत, तसं. कानाला क्षणभर ते भारी वाटतं. अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं आणि कारण कळत नाही.

याचा सगळ्यात जास्त मार बसला तो नेमका चांगल्या मुद्रणांना. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ चा. ॲबी रोड स्टुडिओत ॲलन पार्सन्स त्याचे ध्वनिमुद्रक होते. त्यातली घड्याळं पार्सन्सनी एका घड्याळाच्या दुकानात एकेक करून टिपली होती. ती एकदम वाजतात तेव्हा दचकायला व्हायला हवं. आधीची शांतता खरंच शांत असेल तरच ते होतं. फ्लीटवूड मॅकच्या ‘रूमर्स’च्या वेळी टेप इतक्यांदा फिरवली गेली की ती झिजली आणि ड्रमचे वरचे सूर नाहीसे होऊ लागले. मग सुरुवातीच्या मुद्रणाची दुसरी प्रत शोधून तिच्यावर नंतरचे सूर हाताने जुळवून घ्यावे लागले. एवढी धडपड करून वाचवलेले ते सूर पुढे छाटून टाकायचे? स्टीली डॅनच्या ‘एजा’साठी रॉजर निकल्स आणि त्यांच्या साथीदारांना उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. त्याच्या शीर्षकगीतात स्टीव्ह गॅडचा ड्रम चढत जातो, तो चढ सपाट केला तर त्या गाण्यात काय उरलं?

डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ तर सीडीसाठीच जन्मला. १९८४-८५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत तो डिजिटल टेपवर मुद्रित झाला. पुढे १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळाने तो स्टुडिओच बंद पाडला. एलपीवर जागा पुरत नव्हती म्हणून काही गाणी कापावी लागली. ती पूर्ण रूपात होती सीडीवर. आवाजातला चढउतार मोजणारं डीआर मीटर २००९ च्या सुमारास आलं, त्यावर हा अल्बम पंधरा-सोळाच्या घरात जातो. मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ त्याच मीटरवर तीन. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या खेळात मोकळ्या आवाजात ऐकू आली, तेव्हा चाहते भडकले. अल्बम पुन्हा मिक्स करा, अशा अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. रशने २००२ चा आपला ‘व्हेपर ट्रेल्स’ अकरा वर्षांनी खरोखरच नव्याने मिक्स करून काढला. कलाकारांनाच जे सहन झालं नाही, ते ऐकणाऱ्यांनी का सोसायचं?

म्हणून त्या वर्षांत आम्ही काही वेडी मंडळी जुन्या सीडी शोधत फिरायचो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान, फोर्टचे फूटपाथ, चोरबाजार, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगा. तबकडी उजेडात धरून मधल्या भोकाजवळच्या कड्यावर कोरलेला क्रमांक वाचायचा. ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या मास्टरवरून निघाली, हे त्यावरून कळतं. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ दिसलं की छाती धडधडायची. लेड झेपेलिनच्या पहिल्या सीडींपैकी काहींचं मास्टरिंग बॅरी डायमंट यांनी केलेलं, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची सोनेरी सीडी स्टीव्ह हॉफमन यांच्या हातची. अशी नावं आम्हाला गायकांच्या नावांइतकी पाठ होती. दुकानदारांना मात्र यातलं काही सांगून उपयोग नसायचा. ते ‘रिमास्टर्ड’ची चिकटपट्टी दाखवून नवीच सीडी पुढे करायचे, आणि जुनी दाराजवळच्या खोक्यात अर्ध्या किमतीत पडून असायची. तो आमचा फायदाच होता.

प्रत्येक जुनी सीडी चांगली आणि प्रत्येक रिमास्टर वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या काही वर्षांत कंपन्यांनी एलपीसाठी बनवलेल्या तिसऱ्या-चौथ्या प्रतीवरून घाईत सीडी काढल्या, त्या पातळ आणि कर्कश वाजतात. उलट जेथ्रो टलचा ‘ॲक्वालंग’ मूळ रूपातच गढूळ होता. स्टीव्हन विल्सन यांनी २०११ मध्ये मूळ टेपांवरून तो नव्याने मिक्स केला आणि प्रथमच तो स्वच्छ ऐकू आला. लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत आपल्याकडच्या वादकांना घेऊन दोन गाणी मुद्रित केली होती. कित्येक वर्षं ती चोरट्या प्रतींच्या प्रतींवर, खरखरीतून ऐकावी लागली. २०१५ मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत ती अधिकृतपणे आली आणि तबला तबल्यासारखा वाजला. काम प्रामाणिक असेल तर मी पहिली रांगेत उभी राहीन.

त्यानंतरची वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. विनॲम्प बंद करतो असं २०१३ मध्ये जाहीर झालं, मग तो विकला गेला. ऱ्हिदम हाऊस फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं. त्या शेवटच्या दिवसांत तिथे झालेली गर्दी वर्षभर आधी झाली असती तर बरं होतं. मग फोन आले, स्ट्रीमिंग आलं आणि अल्बमच्या जागी न संपणाऱ्या याद्या आल्या. सगळ्यात वाईट म्हणजे, मोठ्याने वाजण्याची ती सगळी शर्यतच व्यर्थ ठरली. आता सेवा स्वतःच सगळी गाणी एका पातळीवर आणून वाजवतात, स्पॉटिफायवर ती पातळी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक). डेव्हिड रॉबिन्सन यांनी रीप्लेगेन नावाने हीच कल्पना २००१ मध्ये मांडली होती आणि फूबारमध्ये ती सुरुवातीपासून वापरता यायची. म्हणजे ओरडणाऱ्या रिमास्टरचा आवाज आता खाली आणला जातो, पण छाटलेली टोकं परत येत नाहीत. कारण संपलं, नुकसान तेवढं राहिलं.

आणि परत मूळ टेपांकडे जाऊ, असंही प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, तिच्यात मूळ टेपांचं गोदाम सापडलं. त्याची खरी हकिगत जगाला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून कळली ती २०१९ मध्ये. नुकसान किती झालं यावर टेपांच्या मालक कंपनीने वाद घातला, पण काही कलाकारांच्या टेपा गेल्या हे तिलाही मान्य करावं लागलं. जिथे मूळ टेप नाही तिथे चांगल्या मास्टरिंगची जुनी सीडी हाच उरलेला पुरावा आहे.

तेव्हा घर आवरताना जुन्या सीडी रद्दीत घालू नका. काही तबकड्यांचा चकाकता थर वर्षागणिक खराब होतो, त्यामुळे हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. आठ-नऊशे रुपयांपासून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि फूबार दोन्ही आजही मोफत आहेत. फ्लॅकला तर २०२४ मध्ये इंटरनेट मानकाचा अधिकृत दर्जा मिळाला आहे, म्हणजे ही फाइल उद्या उघडणार नाही ही भीती नको. फोल्डरच्या नावात सीडीचं वर्ष आणि कड्यावरचा क्रमांक लिहा. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. आणि ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ लिहिलेली एखादी तुम्हाला नकोच असेल, तर ती ऐकणाऱ्या कोणाला तरी द्या.