बंगालच्या प्रवेश परीक्षेच्या निकालाला ११७ दिवस का लागले?

कोलकाता : पश्चिम बंगालची अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा २०२४ मध्ये २८ एप्रिलला झाली आणि ३९ दिवसांनी, ६ जूनला निकाल लागला. २०२५ मध्ये ही परीक्षा २७ एप्रिलला झाली. निकालासाठी मात्र २२ ऑगस्ट उजाडावा लागला. एक लाखाहून अधिक विद्यार्थी आणि त्यांचे पालक या ११७ दिवसांत आज ना उद्या निकाल लागेल, या आशेवर होते. उत्तरपत्रिका तपासण्यात विलंब झाला नव्हता. निकाल अडला तो आरक्षणाच्या यादीवर.

वादाचे मूळ २२ मे २०२४ च्या निर्णयात आहे. कोलकाता उच्च न्यायालयाने त्या दिवशी राज्यात २०१० नंतर दिलेली इतर मागासवर्गीय प्रमाणपत्रे रद्द ठरवली. राज्य सरकारने नव्याने सर्वेक्षण करून जून २०२५ मध्ये १४० समाजघटकांची यादी व १७ टक्के आरक्षण निश्चित केले. १७ जूनला उच्च न्यायालयाने या यादीला अंतरिम स्थगिती दिली. २८ जुलैला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ती स्थगिती रोखली. पुढे ७ ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०१० पूर्वीचे ६६ समाजघटक आणि ७ टक्के आरक्षण गृहीत धरून १५ दिवसांत नवी गुणवत्ता यादी तयार करण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाही स्थगिती दिली आणि त्याच दिवशी निकाल जाहीर झाला.

गुण हाती असताना निकाल का लावता आला नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. प्रवेश परीक्षेच्या निकालात गुणांबरोबरच प्रवर्गनिहाय क्रमांक असतो आणि जागावाटप त्यावरच होते. १७ आणि ७ टक्क्यांतील फरक म्हणजे दर शंभर जागांमागे दहा जागा. त्या कोणाच्या, हेच ठरलेले नसेल, तर शेवटच्या जागेवर कोणाला प्रवेश मिळणार, हे खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही.

या निकालाशी जादवपूर विद्यापीठाचे अभियांत्रिकी प्रवेश जोडलेले आहेत. १९०६ च्या राष्ट्रीय शिक्षण चळवळीतून वाढलेल्या आणि १९५५ मध्ये विद्यापीठ झालेल्या या संस्थेतील जागांसाठी तीव्र चुरस असते. वार्षिक शिक्षण शुल्क मात्र काही हजार रुपयांतच असते. १८१७ च्या हिंदू कॉलेजचा वारसा सांगणाऱ्या प्रेसिडेन्सी विद्यापीठाची पदवी प्रवेश परीक्षाही हेच राज्य मंडळ घेते. तिचा निकालही रखडला.

प्रतीक्षेचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. आयआयटी आणि एनआयटीच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या जुलैच्या मध्यापर्यंत आटोपल्या होत्या. तेथे जागा मिळालेले विद्यार्थी निघून गेले. ज्यांची ऐपत होती त्यांनी खासगी महाविद्यालयांत शुल्क भरून जागा राखून ठेवली. ज्यांना जादवपूरचेच शुल्क परवडणारे होते, त्यांच्यापुढे थांबण्यावाचून पर्याय नव्हता. बारावीचा निकाल ७ मे रोजीच लागला होता. त्यानंतरचे साडेतीन महिने हे विद्यार्थी ना शाळेचे होते, ना महाविद्यालयाचे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली, तेव्हा अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया मध्येच थांबली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली.

आरक्षणाच्या वैधतेची तपासणी हे न्यायालयांचे काम आहे आणि मागासलेपणाचे निकष काटेकोर असणे लाभार्थींच्याच हिताचे आहे. पण शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक खटल्याच्या तारखांनुसार सरकत नाही. प्रवेशांचा हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. त्यामुळे यादी वादात असताना त्या वर्षीचे प्रवेश कोणत्या नियमाने व्हावेत, याचा निर्णय परीक्षेपूर्वीच झाला, तर पुढच्या तुकडीला अशी प्रतीक्षा करावी लागणार नाही.