सायकलवरचे ओझे आणि घाटाचे गणित

विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सायकलने डोंगरात भटकायचे आणि रात्री तंबूत झोपायचे, असा बेत तुम्ही कधी आखला आहे का? बेत ठरला की सामानाची यादी सुरू होते आणि "असू दे, लागले तर!" म्हणत ती वाढतच जाते. या "असू दे"चे वजन केवढे, ते आज मोजून पाहू.

समजा, तुम्ही वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला निघालात. वाईची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, पाचगणीची सुमारे १,२९० मीटर. म्हणजे चढ ५७० मीटरांचा. एक किलोग्रॅम सामान इतके वर नेण्यासाठी करावे लागणारे कार्य असे:

वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची = १ × ९.८ × ५७० = सुमारे ५,६०० ज्यूल.

अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग पेडलपर्यंत पोचतो, बाकीचीची उष्णता होते. हे धरले तरी दहा किलोग्रॅम जादा सामानाला सुमारे ५३ किलोकॅलरी लागतात. एवढी ऊर्जा दहा ग्रॅम शेंगदाण्यांतही मिळते!

"मग ओझ्याची भीती कशाला?" असे तुम्ही विचाराल. खरी अडचण ऊर्जेची नाही, शक्तीची आहे. दर सेकंदाला आपण किती कार्य करू शकतो, याला मर्यादा असते. तुम्ही सतत ८० वॉट शक्ती देऊ शकता असे धरा. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ७५ किलोग्रॅम भरत असाल, तर घर्षण सोडूनही हा घाट चढायला सुमारे ८७ मिनिटे लागतील. तेच वजन ८५ झाले, तर ९९ मिनिटे! रोज असे दोन-तीन चढ असले, तर मुक्कामी पोचेपर्यंत अंधार पडेल. सायकलचे गिअर येथे कार्य कमी करत नाहीत. ते फक्त पायांवरचा जोर कमी करतात आणि त्याबदल्यात पेडल जास्त वेळा फिरवायला लावतात.

उतारावर हेच ओझे उलटते. चढताना साठवलेली ऊर्जा आता ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते आणि सायकल थांबायला जास्त अंतर लागते.

मग काय कमी करावे? शिजवलेला भात न्यायचा नाही, कारण त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. कोरडे तांदूळ आणि पोहे न्या. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थातून ४. म्हणून शेंगदाण्याची चिक्की वजनाच्या मानाने फार किफायतशीर. जाड सुती चादर भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. चौघांत मिळून एक पंप, एक पातेले आणि एक हत्यारांची पिशवी पुरे.

सामान ठेवाल कोठे? पाठीवरच्या पिशवीने गुरुत्वमध्य वर जातो, कच्च्या वाटेवर तोल सांभाळणे कठीण होते आणि पाठीचा घामही वाळत नाही. जड वस्तू सायकलच्या सांगाड्यात, शक्य तितक्या खाली, घट्ट बांधा.

पण मित्रांनो, हलके होण्याच्या नादात चूक करू नका. पाणी, पंक्चरचे सामान, पंप, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी आणि एक उबदार कपडा, यांवर काट मारायची नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम, हे खरे. परंतु उन्हात चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. पाणी कमी न्यायचे नाही, ते पुन्हा कोठे भरता येईल हे आधी शोधून ठेवायचे. पंप अर्ध्या किलोहूनही हलका असतो, पण तो घरी राहिला तर रानात पंक्चर झालेली सायकल मैलोगणती ढकलावी लागते.

निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि वजन वहीत लिहा. परत आल्यावर तीन ढीग करा: रोज वापरलेले, संकटासाठी नेलेले आणि पिशवीतून बाहेरच न निघालेले. तिसऱ्या ढिगाचे वजन करा. पुढच्या सहलीत तेवढे ओझे तुमच्या पायांवर नसेल.

आता एक प्रयोग. शाळेचा जिना एकदा रिकाम्या हाताने आणि एकदा दप्तर घेऊन, सारख्याच दमाने चढा. दोन्ही वेळांची नोंद घ्या, जिन्याची उंची मोजा आणि स्वतःची शक्ती किती वॉट आहे ते काढा पाहू!